मिस्त्री आणि मोटारीचा उलटा जोर

ही वही कुणाच्या हाताला लागलीच, तर आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला कधी मेळ बसला नाही. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर लिहिणं म्हणजे दळणाच्या डब्यांवर खडूनं नावं घालणं, एवढंच. पण एका माणसाबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं, आणि तोंडानं कुणाला सांगावं असा माझा स्वभाव नाही. तर सांगते. जगात आजवर जेवढ्या विजेच्या मोटारी जळाल्या, त्यातली एकही स्वतःच्या चुकीनं जळाली नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे आमच्या गिरणीची मोटार भरून देणारे मिस्त्री.

मोटार भरणं म्हणजे जळालेली तांब्याची तार आतून काढायची आणि नवी तार गुंडाळून बसवायची. मिस्त्रींचं दुकान लातूरला, गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात होतं. माणूस मूळचा उदगीरकडचा, त्यामुळे बोलण्यात मधेच कानडी शब्द यायचा. मोटार सुरू करताना गळ्यातल्या लिंगाला हात लावायचे आणि मोटारीला म्हणायचे, "निधान, निधान." म्हणजे हळूहळू. घाबरलेल्या वासराला म्हणावं तसं. मोटारीशी एवढं गोड बोलणारा हा माणूस मोटारीच्या मालकाशी मात्र फौजदारासारखा बोलायचा. जळालेली मोटार घेऊन कुणी आलं की आधी झाकण उघडून वास घ्यायचे, मग चष्मा कपाळावर चढवून त्या माणसाकडे बघायचे, लेक माहेरी परत आल्यावर बाप जावयाकडे बघतो तसे. "सांगा, काय केलं तुम्ही हिला? पाण्याबिगर पळवली? का धरून उभी केली?" औशाकडचे एक भल्या मिशांचे पाटील माझ्यासमोर म्हणाले होते, "मी काय बी केलं न्हाई मिस्त्री, आपोआप जळाली." मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. "आपोआप चूल तरी पेटती का पाटील? मोटार जळत न्हाई. तिला जाळत्यात." पाटील खाली बघत म्हणाले, "विहिरीतलं पाणी सरलं होतं. मी झोपलो होतो." तेव्हा कुठं मिस्त्रींनी मोटार हातात घेतली.

तार गुंडाळताना ते वेढे मोजायचे, आणि मोजताना त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा दुकानाचा कायदा होता. पण कायदा माहीत नसलेली माणसं रोज यायची. त्यांनी काही विचारलं की मिस्त्री न थांबता पुढचा आकडा मोठ्यानं म्हणायचे. "मिस्त्री, चहा सांगू का?" "एकोणतीस." "माझी मोटार झाली का?" "तीस." एकदा त्यांच्या घरून बायको विचारायला आल्या, भाजी कशाची करू. हे म्हणाले, "बेचाळीस." त्या माउलीनं कपाळाला हात लावला आणि बाकड्यावर बसलेल्या आम्हा सगळ्यांना सांगितलं, "लग्नाला बत्तीस वर्सं झाली. निम्मा संसार आकड्यातच ऐकला बघा." मिस्त्री म्हणाले, "त्रेचाळीस."

आणि कान! त्यांच्या कानाबद्दल लिहायचं तर ही वही पुरणार नाही. पेचकसाचं टोक मोटारीला लावायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टरसुद्धा एवढा वेळ छाती तपासत नाही. "डावीकडचं बेअरिंग रडायलंय," असं सांगायचे आणि ते खरं निघायचं. मुरुडला आमच्या नात्यातल्या एका लग्नाला ते आले होते. मी बायकांमध्ये मागे उभी होते. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांच्या हातात अक्षता, गुरुजींनी सूर लावून "सावधान" म्हटलं, आणि त्याच क्षणी मांडवाच्या कडेनं मिस्त्री ओरडले, "बंद करा! बंद करा!" गुरुजी थांबले. नवरदेव पांढराफटक पडला, त्याला वाटलं कुणीतरी लग्न मोडायला आलं. मिस्त्री अक्षता मुठीत धरून माणसांतून वाट काढत गेले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या कुलरची पिन उपटली. कुलर नुसता घुमत होता, पंखा फिरतच नव्हता. नवरदेवाच्या मामांनी फेटा काढून कुलरवर ठेवला होता, त्याचा शेमला आत जाऊन पंख्याला गुंडाळला होता. मिस्त्रींनी तो सावकाश सोडवला, मामांच्या हातात दिला, अक्षता परत नीट मुठीत धरल्या आणि गुरुजींना म्हणाले, "हं, चालू द्या." मामा नंतर पंगतीत म्हणत होते, "अहो, पंखा फिरतच नव्हता तर जळेल कसा?" मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं, पण पानात जिलेबी होती म्हणून सोडून दिलं.

पैशाची त्यांची रीत आणखी वेगळी. अर्धे पैसे मोटार नेताना द्यायचे, उरलेले अर्धे एक वर्ष झाल्यावर. वर्षात मोटार जळाली तर उरलेले अर्धे माफ. आणि नव्या तारेतला उरलेला एक तुकडा घेऊन त्याचं बांगडीएवढं कडं वळायचे, त्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधायचे आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवायचे. पैसे पूर्ण झाले की ते कडं मालकाच्या हातात. वही नाही, पावती नाही. पण गंमत पुढंच आहे. ज्याचं कडं खिळ्यावर, त्याच्याकडे ते वर्षभरात तीन-चार वेळा न सांगता जायचे. पैसे मागायला नाही, मोटार ऐकायला. आधी बाहेर रस्त्यावरच उभे राहायचे, मान एका बाजूला कलती करून. मग आत यायचे. बायको म्हणायच्या, "येवढ्या येळा तर लोक लेकीच्या घरी बी जात न्हाईत."

माझं कडं त्या खिळ्यावर कसं गेलं ते आता लिहिते. मुरुडला आमची पिठाची गिरणी. आमचे मालक वारल्यावर ती मीच चालवायला लागले. दुसरं काही मला येत नव्हतं आणि घरात बसून भिंती बघवत नव्हत्या. गिरणीत बोलावं लागत नाही, आवाजच एवढा असतो. ते मला बरं वाटायचं. पण एका उन्हाळ्यात मोटार दोनदा जळाली, पहिल्यांदा गावातच भरून घेतली होती. गाळा दिरांच्या नावावर. ते चांगले आहेत, पण दुसऱ्यांदा जळाली तेव्हा दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, बाईच्या हाताला मोटार टिकत न्हाई. ही शेवटची भरा. वर्षाच्या आत परत जळाली तर मी गाळा भाड्यानं देतो, मोबाईलवाला मागायलाय." मी मान हलवली. नाही म्हणायचं होतं, पण मान हो म्हणूनच हलली.

मिस्त्रींनी मोटार उघडली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "काय केलं तुम्ही हिला, आक्का?" वयानं ते मोठे, तरी मला आक्का म्हणायचे. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी. तीनदा विचारलं. मला उत्तर माहीत असतं तरी देता आलं नसतं, आणि माहीत तर नव्हतंच. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना हरलेलं बघितलं. "बरं," ते म्हणाले. "भरून देतो. बसवायला मीच येतो. मग तुम्ही रोजच्यासारखी चालवा, मी नुसता बसतो."

ते आले आणि खरंच बसले. तेलाचा रिकामा डबा पालथा घालून सकाळपासून बसले, दुपारपर्यंत भुवयांसकट पांढरे झाले. दळणाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीनं विचारलं, "हे कोण ग? नवीन पाव्हणं?" मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग जेवणाच्या वेळेला लाईट गेली. दगडात ज्वारी तशीच. अर्ध्या तासानं लाईट आली, मी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटार घुमायला लागली, उठेना. हे नेहमीचंच होतं. मी रोजच्यासारखी पुढं झाले आणि पट्ट्याला हातानं ओढ द्यायला लागले. एवढ्यात तो पांढरा माणूस डब्यावरून उडाला आणि त्यानं लाल बटणावर थाप मारली.

"हात जाईल की हो तुमचा!" ते ओरडले. "दगड भरलेला, आन् बटण दाबता? आधी दगड रिकामा का करत न्हाई?"

आणि तेव्हा मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले. "सासूबाई म्हणायच्या, दगडाच्या तोंडातला घास काढायचा नाही. दळण अर्धं बाहेर काढलं तर घरातल्या कुणाचं तरी ताट अर्ध्यावर राहतं."

मला वाटलं, हसतील. मालक असते तर हसले असते. मिस्त्री हसले नाहीत. डबा उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "तुमचं चुकलं न्हाई. तुम्हाला कुणी सांगितलं न्हाई, येवढंच झालं. आज दगड हातानं फिरवून मोकळा करतो, पाप मला. बाकीचं परवा."

तिसऱ्या दिवशी ते पिशवीतून शिलाई मशीनची छोटी मोटार, एक शंभरचा पिवळा बल्ब आणि वायर घेऊन आले. वीज आधी बल्बातून जाईल आणि मग मोटारीत, अशी जोडणी केली. मोटारीच्या चाकावर फडकं गुंडाळून म्हणाले, "धरा घट्ट. फिरू द्यायची न्हाई." मी धरली. त्यांनी बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. "आता सोडा." मी सोडली, मोटार भर्रकन पळाली, आणि बल्ब मंद झाला. नुसती आतली तार लाल दिसत राहिली. मी परत धरली, परत लख्ख. सोडली, मंद. मी किती वेळा केलं असेल! फडकं गरम झालं तरी सोडवेना.

"आता सांगा, आक्का. मोटार जास्त वीज कवा ओढती? पळताना, का उभी असताना?"

आयुष्यभर मी समजत होते की पळताना. सगळं जग तेच समजतं, ते मामासुद्धा. मी हळूच म्हणाले, "उभी असताना."

"हाव!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "कारण मोटार पळाया लागली की आतल्या आत स्वतः थोडी वीज बनवती, लाईनीच्या उलट. लाईन म्हणती मी आत येते, मोटार म्हणती जरा दमानं. हा तिचा उलटा जोर. जेवढी जोरात पळंल तेवढा उलटा जोर, मग तिला लागंल तेवढीच वीज आत येती. आन् धरून उभी केली की उलटा जोर शून्य. सगळी लाईन अंगावर. मग तार जळंल न्हाई तर काय व्हईल?"

गिरणीत स्टार्टरच्या फळीवर एक काट्याचं मीटर आहे. मोटार सुरू करताना काटा टोकापर्यंत उडी मारतो आणि मग मागे येऊन स्थिर बसतो. इतकी वर्षं मी ते रोज बघत होते. मला वाटायचं, मोटार दचकते. त्या दिवशी कळलं की सुरू होताना ती उभी असते, तिच्याकडे उलटा जोर नसतो, म्हणून काटा उडतो. पळायला लागली की स्वतःला सांभाळते, म्हणून काटा मागे येतो. चौथीनंतर मला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. काम सांगितलं होतं, समजावलं नव्हतं. मी त्या काट्याकडे बघून चक्क रडले, आणि मिस्त्री घाईघाईनं वायर गुंडाळायला लागले.

राहिला घासाचा प्रश्न. त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला असणार, कारण उत्तर अगदी तयार होतं. "लाईट गेली की दगड सैल करायचं हे चाक उलटं फिरवा. दगड लांब होतील, मोटार मोकळी उठंल. आतली जवारी भरड होऊन खाली पडंल, ती परत वरच्या पेटीत घाला. मोटार नीट पळाया लागली की दगड जवळ आणा." मग माझ्या तोंडाकडे बघून घाईनं म्हणाले, "घास काढला न्हाई बरं का. तोंड उघडलं फकस्त."

जाताना पायऱ्यांवर थांबून आणखी एक बोलले. "राग मानू नका. तुमचं बी त्या मोटारीसारखंच हाय. कुणी काय बी म्हणलं तरी तुम्ही उलटं बोलत न्हाई, मग सगळी लाईन तुमच्याच अंगावर येती. जरा दमानं म्हणत जा माणसांना."

ती मोटार वर्षभर टिकली. वर्ष झालं त्या आठवड्यात दीर दारात आले. म्हणाले, "तरी पण वहिनी, मोबाईलवाला चांगलं भाडं द्यायलाय." मी पट्ट्याकडे बघत होते. गिरणी चालू होती म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं. "भावजी, जरा दमानं. मोटार टिकली. ठरलं होतं तसं झालं. गाळा मी सोडत नाही." दिरांनी आधी माझ्याकडे आणि मग गिरणीकडे बघितलं, जसं काही तिनंच उत्तर दिलं. मग म्हणाले, "बरं मग, आमचं गव्हाचं दळण कवा आणू?"

आता लाजेची गोष्ट लिहिते. त्याच आठवड्यात मिस्त्री आले, रस्त्यावर उभे राहून ऐकलं, आत आले. उरलेले अर्धे पैसे, शंभराच्या पंधरा नोटा, मेथ्यांच्या डब्यात तयार होत्या. मी म्हणाले, "या वेळी जमलं नाही, मिस्त्री." आयुष्यात मी एवढं सहज खोटं कधी बोलले नव्हते. पैसे दिले असते तर कडं माझ्या हातात आलं असतं, आणि कडं आलं की येणं संपलं. ते म्हणाले, "राहू द्या. मोटार काय पळून चालली का?" आणि बशीत चहा ओतला. पुढची दोन वर्षं ते तसेच येत राहिले आणि मी तशीच खोटं बोलत राहिले. तोवर मी प्रश्न साठवून ठेवायला शिकले होते. या वहीची मागची पानं बघा, तिथे ते सगळे आहेत. खांबावरची डीपी सतत का गुणगुणते? उलटी फिरणारी मोटार सुलटी कशी करतात? होल्टेज कमी झालं की गिरणी गरम का होते? ते चहा निववत एकेकाचं उत्तर द्यायचे, आणि मला कळलं की नाही हे माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचे. माझ्या तोंडाकडे एवढं नीट बघणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. याहून जास्त काही नव्हतं आणि मला याहून जास्त काही नको होतं. एवढंच हवं होतं, पण ते फार हवं होतं.

मग एका दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. संक्रांत गेली. रस्त्यावर कुणी मान कलती करून उभं दिसलं की मी हातातलं पीठ झटकायची. तो बसची वाट बघणारा कुणीतरी असायचा. शेवटी लातूरला गेले तर दुकानाला कुलूप. शेजारच्या पानवाल्यानं मिस्त्रींच्या लेकीचा नंबर दिला. फोनवर लेक म्हणाली, "बाबांना ऐकूच येत नाही आता, मावशी. दोन्ही कान गेले. आम्ही त्यांना नांदेडला आणलं, विष्णुपुरीला."

दोन्ही कान. मी फोन ठेवला आणि गिरणी बंद केली. त्या दिवशी तो आवाज मला सहन होईना.

मेथ्यांच्या डब्यातल्या नोटा रुमालात बांधल्या आणि नांदेडची एसटी धरली. लेकीनं दार उघडलं तेव्हा मिस्त्री स्वयंपाकघरात खाली बसले होते. पेचकसाचं टोक फ्रिजला लावलेलं, आणि मूठ दातांत. लेक वैतागून म्हणाली, "दिवसभर हेच. म्हणतात, दातांतून येतं ऐकू थोडं थोडं. शेजारी विचारतात, बाबा फ्रिजला चावतात का?" मिस्त्रींनी मला बघितलं, मूठ तोंडातून काढली आणि पहिला प्रश्न विचारला, "मोटार कशी हाय?"

"चांगली आहे," मी म्हणाले. त्यांनी कानाला हात लावला. मी परत म्हणाले. त्यांनी ऐकू येत नाही अशी मान हलवली. मग मी, जिनं कधी दळणाचे पैसेसुद्धा मोठ्यानं मागितले नाहीत, मी ओरडले, "चांगली आहे, मिस्त्री! अजून जळाली नाही!" समोरच्या घराचं दार उघडलं. मिस्त्री हसले.

मी मोबाईलमध्ये गिरणीचा आवाज भरून नेला होता. मोबाईल फरशीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. त्यांनी पेचकस त्यावर टेकवला, मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. मग मूठ काढून म्हणाले, "मोटार झ्याक हाय. दगडाला टाकी लावायची झाली." खरंच झाली होती. गुळगुळीत झालेले दगड छिन्नीनं टोचून घ्यायचं मी दोन महिने टाळत होते.

मग मी रुमाल सोडून नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या. ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि तांब्याचं कडं घेऊन आले. चिठ्ठीवरचं माझं नाव पुसट झालं होतं. दुकान विकलं, सामान वाटलं, पण तेवढं एक कडं ते नांदेडला घेऊन आले होते. कडं मांडीवर ठेवून त्यांनी नोटा मोजायला घेतल्या, अगदी वेढे मोजावेत तशा, एकेक अंगठ्यानं सरकवत, मोठ्यानं.

मोजताना त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं. ओरडून नाही, माझ्या नेहमीच्या आवाजात, जो आता त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता. "मिस्त्री, मी अधूनमधून येत जाऊ का?"

"चौदा," ते म्हणाले. मग शेवटची नोट उचलली. "पंधरा. झाले की हो पूर्ण, आक्का." आणि कडं माझ्या हातात दिलं.